बेस्ट ऑफ फाइव्ह

करंजाड्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर हृदयतपासणी शिबिराची सूचना लागली, की सरांच्या घरातलं तळण बंद होतं. पंधरा दिवस.

सरांनी पनवेलला ३१ वर्षं गणित शिकवलं. बाकाखालची चिठ्ठी त्यांना वर्गाच्या दारातूनच दिसायची. आता साठी उलटल्यावर हा माणूस स्वतःच्या तपासणीत कॉपी करतो. पहाटे गाढीच्या पुलापर्यंत चालणं, रात्री काकडी. "ट्रायग्लिसराइड म्हणजे पाठांतराचा विषय," असं ते मला खासगीत सांगतात, "शेवटच्या पंधरवड्यात होतो." रक्त दिलं की त्याच दुपारी मटण-वडे. निकालाआधीच पेढे!

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं, हा नियम सर नर्सलाच ऐकवतात आणि ती पाच मिनिटं तो समजावण्यातच घालवतात. यंदा वरचा आकडा १४८ आला.

"आज पाण्याचा टँकर आला नाही. तो आल्यावर घ्या."

पुन्हा घेतलं, १४२.

"सहा वेळा घ्या आणि बेस्ट ऑफ फाइव्ह धरा. दहावीला चालतं, हृदयाला का नाही?"

कमरेला टेप लागली तेव्हा मात्र सर एकदम मुके. श्वास आत ओढून बोलता येत नाही. टेप कशीबशी ९० सेंटीमीटरवर टेकली. नर्स म्हणाली, "काका, आता श्वास सोडा," आणि ९७. (रांगेत मागे मी होतो. मीही पोट आत घेऊनच उभा होतो.)

ईसीजीच्या टेबलावर पडल्या पडल्या सरांनी तारा मोजल्या. चार हातापायांना, सहा छातीवर. कागदावर आलेख मात्र बारा. "दहाचे बारा कसे?" डॉक्टरीणबाई हसल्या. हातापायांच्या तारांवरून हृदय सहा बाजूंनी दिसतं, छातीवरून आणखी सहा, असं त्यांनी सांगितलं. सर खूश! मग बाई म्हणाल्या, "नॉर्मल आहे. पण हे दहा सेकंदांचं चित्र. ब्लॉकेज असूनही कागद असाच येऊ शकतो." यातलं 'नॉर्मल आहे' एवढंच सरांच्या वहीत उतरलं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आले. ट्रायग्लिसराइड पाठांतराला जागले होते. पण खाली एक ओळ होती: एचबीएवनसी ७.१.

"ही काय भानगड?"

"तांबड्या पेशींना चिकटलेली साखर," बाई म्हणाल्या. "मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. आता औषधाचं बघावं लागेल."

मागच्या तीन महिन्यांत दोन हळदी, एक साखरपुडा आणि गावची जत्रा झाली होती.

घरी येऊन सर बराच वेळ कागद धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे यांनी अंतर्गत मूल्यमापन धरलंय. आधी कळवायला नको?"

वहिनींनी आतून विचारलं, "उद्या चालायला उठवू ना?"

"पुढचं शिबिर कधी आहे ते विचार आधी."