टॅक्सी 'मिळते', पकडली जात नाही

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत टॅक्सीच्या मागेपुढे कोणती क्रियापदं शोभतात याची यादी असते: हेल करा, कॅच करा, टेक करा. सगळीकडे कर्ता प्रवासी. टॅक्सी बिचारी हात वर होण्याचीच वाट पाहत उभी. मराठी व्याकरण जास्त प्रामाणिक आहे. आपण म्हणतो, 'मला टॅक्सी मिळाली', जसं यश मिळतं किंवा स्थळ मिळतं. प्रवासी चतुर्थीत उभा, कर्तेपण टॅक्सीकडे. कुणी म्हणेल, इंग्रजीतही 'गेट अ टॅक्सी' आहेच की. आहे, पण तिथेही मिळवणारा प्रवासीच. आणि मराठीत 'टॅक्सी पकडली' म्हणतात, हेही खरं. पण ते पकडल्यावर, बहुधा विजयी सुरात.

एका शब्दात मात्र दोन्ही भाषांचं एकमत आहे. इंग्रजीत 'फेअर' म्हणजे पैसे आणि प्रवासीही. मराठीतलं 'भाडं' अगदी तसंच. 'दादरचं भाडं आहे' म्हणताना चालकाच्या डोळ्यांपुढे माणूस असतो की नोट, हे त्यालाच ठाऊक. पुस्तकांच्या त्या यादीत नसलेली शब्दजोडी मात्र मुंबईकराला सर्वांत उपयोगी: 'रिफ्यूझल टू प्लाय', म्हणजे भाडं नाकारणं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १७८ त्यासाठी दंड सांगतं. रस्त्यावर मात्र त्या नकाराचा उच्चार मान किंचित हलवून होतो, काच खाली न करता.