या, गाडी आपलीच समजा!

मोटारीच्या किल्लीने माणसाचा फार छळ मांडला होता. खिसे चाचपा, ती शोधा, दारात घाला, फिरवा. एवढे कष्ट! मोटार कंपन्यांना ते बघवेना. त्यांनी किल्ली खिशातच राहू दिली. दाराच्या मुठीला हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू. ही सोय फक्त मालकालाच मिळावी, असा आपपरभावही त्यांनी ठेवला नाही.

इंग्लंडमधल्या सोलिहलचं सीसीटीव्ही चित्रण पोलिसांनी २०१७ मध्ये जाहीर केलं. घरासमोर मर्सिडीज उभी. दोघे आले. एकजण हातातला डबा घराच्या दाराशी धरून उभा राहिला, दुसरा डबा घेऊन गाडीशी. मिनिटभरात गाडी पसार. काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही. इतके सभ्य चोर पूर्वी कुठे होते?

त्यांचं काम लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचं. गाडी क्षीण लहरींतून किल्लीला विचारते, ‘आहेस ना?’ हा प्रश्न एरवी जेमतेम एकदोन मीटर पोचतो, म्हणून होकार आला की गाडी समजते, धनी दाराशी आले. डबे तो प्रश्न घरातल्या किल्लीपर्यंत नेतात आणि होकार मिळवून देतात. सांकेतिक भाषा त्यांना कळत नाही. कळायची गरजही नाही. पुढे किल्ली मागे राहिली तरी इंजिन बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात गाडी थांबली तर अपघात व्हायचा. चालवणाऱ्याच्या जिवाची काळजी आहे हो कंपनीला, मग तो कोणी का असेना!

हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, असंही नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग केला. दहाही फसल्या. दुसऱ्या एका संशोधक चमूने गाडीचोरी रोखणाऱ्या इमोबिलायझर चिपमधली खोट शोधली, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून त्यांच्या निबंधावरच मनाई आणली. तो २०१५ मध्ये छापून आला, एक वाक्य गाळून. कुलपाची खोट निघाली, तर खोट काढणाऱ्याच्या तोंडाला कुलूप. हे मात्र दोन वर्षं टिकलं.

आता अंतर खरोखर मोजणाऱ्या किल्ल्या आल्या आहेत. ज्यांच्या गाड्या जुन्या, त्यांना पोलिसांचा सल्ला असा: किल्ली दारापासून लांब, धातूचं अस्तर असलेल्या पाकिटात ठेवा आणि स्टिअरिंगला लोखंडी दांड्याचं कुलूप लावा. म्हणजे आधी किल्ली काढायचे कष्ट वाचवायला पैसे मोजा, मग किल्ली लपवायला मोजा.

ब्रिटिश सरकारही स्वस्थ बसलेलं नाही. असे डबे बाळगणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सुचवणारं विधेयक त्याने २०२५ मध्ये आणलं. आणि त्या डब्याला होकार देणारी गाडी बनवणाऱ्याला? त्याच्याकडे गाडी चोरीला गेलेला मालक नव्या गाडीचं बुकिंग करतो.