एकादशी आणि एक पेला कोमट पाणी

डॉक्टरांनी ‘सहा किलो उतरवा’ म्हटल्यापासून रोज पहाटे माझ्यापुढे कोमट पाण्याचा पेला येतो. त्यात अर्धं लिंबू, चमचाभर मध आणि सौभाग्यवतींची करडी नजर मिसळलेली असते. दोन महिन्यांत साठ पेले रिते झाले. वजनकाटा जागचा हलला नाही. हलेल कसा? रात्री अकराला घर निजलं की चिवड्याचा डबा आणि मी एकमेकांना भेटतो.

अशाच एका रात्री भाचा म्हणाला, “मामा, नुसता काय खातोस, हे बघ तरी.” त्याने लावली ‘आशिता नो जो’, म्हणजे ‘उद्याचा जो’. 1970 सालची जपानी मालिका, विषय बॉक्सिंग. मी ‘कार्टून’ म्हणालो तर तो दुखावला. “ॲनिमे म्हणायचं, मामा.” बरं, ॲनिमे.

जो याबुकी हा टोकियोच्या गरीब वस्तीतला अनाथ, उनाड पोरगा. एका डोळ्याचा दारुडा म्हातारा दानपेई त्याला बॉक्सर करायला निघालेला. आणि समोर तोरू रिकिइशी. बालसुधारगृहापासूनचा वैरी, उंचापुरा, देखणा. पण जो लढणार बँटमवेटमध्ये, म्हणजे वजन साडेत्रेपन्न किलोच्या आत. रिकिइशी त्याच्याहून चांगला दांडगा. आता या दोघांची गाठ पडायची कशी? जोने खाऊन वर चढायचं, की रिकिइशीने न खाता खाली उतरायचं? मला विचारलं असतं तर मी पहिल्या मार्गाची जोरदार शिफारस केली असती. रिकिइशीने दुसरा धरला.

म्हणजे लढाईचा सगळ्यांत जीवघेणा भाग रिंगणात नाहीच. रात्र झालेली. गालफडं बसलेला, डोळे खोल गेलेला तो माणूस पाण्यासाठी वेडापिसा होऊन नळाकडे धावतो, तर नळ तारेने करकचून बांधलेले. एक नळ, दुसरा नळ, सगळे तसेच. तेवढ्यात योको शिराकी, त्याची हितचिंतक, त्याच्या हातात पाण्याचा पेला ठेवते. साधं कोमट पाणी. वाफ दिसते. तो पेल्याकडे बघतो, आणि तिची माया तेवढी घेतो, पाणी जमिनीवर ओतून टाकतो.

माझी चिवड्याची मूठ ओठांशी येऊन थबकली होती. ती तशीच डब्यात परत गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या इतिहासातली ही पहिलीच माघार.

पुढे सामना होतो. त्या घामाघूम फेऱ्या, तीन मिनिटांची एक फेरी संपता न संपणारी, रिकिइशीचा खालून वर येणारा तो शेवटचा ठोसा. जो आडवा होतो. मग उठून, हरलेला असूनही, हात पुढे करतो. रिकिइशीही हात देतो, पण तो हात जोच्या हातापर्यंत पोचतच नाही. जिंकलेला माणूस तिथेच कोसळतो तो कायमचा.

गंमत म्हणजे मालिका सुरू झाली 1 एप्रिल 1970 ला, आणि साप्ताहिकातल्या मूळ चित्रकथेत रिकिइशी त्याआधीच गेलेला होता. 24 मार्चला टोकियोत, चित्रकथा छापणाऱ्या कोडान्शा प्रकाशनाच्या इमारतीत, त्याचा रीतसर अंत्यविधी झाला. पुढाकार कवी-नाटककार शुजी तेरायामांचा. जमलेली माणसं सुमारे 700. शाईने काढलेल्या माणसाच्या तसबिरीपुढे खरीखुरी माणसं उभी! म्हणजे टीव्हीसमोर बसलेल्या कितीकांना पहिल्या भागापासूनच ठाऊक होतं, हा जाणार. तरी ती बघत राहिली. आपणही कर्णाचं चाक रुततं हे ठाऊक असून दर वेळी ‘या खेपेला निघेल’ म्हणत बसतोच की.

आणि हे सगळं घडलं कशामुळे? असं सांगतात की चित्रकार तेत्सुया चिबांनी सुरुवातीला रिकिइशीला जोपेक्षा बराच थोराड काढून ठेवला होता. मग दोघांना एका वजनात आणायला लेखक इक्की काजिवारांना त्याला उपाशी ठेवणं भाग पडलं. पेन्सिल दोन बोटं वर गेली, आणि त्याची किंमत एका माणसाने तहानेने चुकवली.

आपल्याकडे उपास काही कमी नाहीत. पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्यासाठी करून ठेवली आहे. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, शेवटी रताळ्याचा कीस. देवही पोट धरून हसत असेल. रिकिइशीचा उपास ना देवासाठी, ना डॉक्टरांसाठी. ज्याच्याशी वैर, त्याच्या बरोबरीला यावं म्हणून तो अंगचं मांस झडवतो. इतकं मानाचं वैर मला अजून कुणाशी जमलेलं नाही. माझं भांडण फक्त काट्याशी, आणि मी त्यालाही वाकवूनच सोडतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेला आला. मी वाफेकडे बघत बसलो.

“अहो, निवतंय ते. काय बघताय एवढं?”

क्षणभर वाटलं, रिकिइशीसारखा ओतून द्यावा. मग लादी कोण पुसणार, हा प्रश्न आला. मी पाणी निमूट पिऊन टाकलं आणि विचारलं, “आज नाश्त्याला काय?”