गाडी आपली, आवड पुढच्याची

वसई रोडच्या पूर्व-पश्चिम उड्डाणपुलावर संध्याकाळी जी रांग लागते, तिच्यात आपली गाडी ओळखायची तर नंबरप्लेटच वाचावी लागते. एम.एच. ४८, पांढरी. तिच्यामागे एम.एच. ४८, पांढरी. अधूनमधून वसईला वेगळा क्रमांक मिळायच्या आधीची, ठाण्याचा एम.एच. ०४ मिरवणारी, तीही पांढरी. कंपन्यांनी या पांढऱ्याची बारशी मोठ्या हौसेने केली आहेत. कुणाचं एव्हरेस्ट व्हाइट, कुणाचं कँडी व्हाइट, कुणाचं पोलर, कुणाचं अ‍ॅटलास, आणि मारुतीचं तर पर्ल आर्क्टिक. हिमालयापासून उत्तर ध्रुवापर्यंतचा सगळा बर्फ नालासोपाऱ्याच्या धुळीत येऊन उभा राहतो आणि पहिल्या पावसात सगळ्यांचा एकच रंग होतो, जो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नाही. देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांत साधारण चार पांढऱ्या असतात. हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, म्हणून जग त्याला शंभर वर्षं हसतंय. त्याच्या गिऱ्हाइकाला निदान दुसरा रंग मिळतच नव्हता. आपल्याकडे शोरूमच्या काचेआड लाल गाडी फिरत्या चौथऱ्यावर ठेवलेली असते, सगळं घर तिच्याभोवती उभं राहून फोटो काढतं, आणि मग आत जाऊन पांढरी बुक करतं.

कारण विचारा, एका शब्दात उत्तर येतं: रिसेल. म्हणजे गाडी घेताना टेबलापाशी नवरा, बायको, पोरं आणि सेल्समन एवढीच मंडळी नसतात. आणखी एकजण असतो. तो सात-आठ वर्षांनी येणार आहे, त्याचं नाव-गाव ठाऊक नाही, त्याने एक पैसाही दिलेला नाही. पण रंग त्याच्या पसंतीने ठरतो. आमचं म्हणणं इतकंच की वसई-विरारमध्ये, आणि एकूणच देशात, गाडी मालकासाठी घेतली जातच नाही. रंग पुढच्या गिऱ्हाइकासाठी, लांबी अर्थखात्यासाठी आणि आयुष्य आरटीओसाठी. मालकाच्या वाट्याला येतात ते हप्ते.

हे न आलेलं गिऱ्हाईक कुणाला कल्पनेतलं वाटत असेल, तर त्याचा दूत कसा काम करतो ते पाहावं. सेकंडहँडचा दलाल इंजिनाकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी तो दाराच्या कडेचं रबरी बीडिंग नखाने ओढून काढतो आणि पत्र्यावरचे वेल्डिंगचे गोल ठिपके कारखान्यातलेच आहेत का बघतो. मग बॉनेटचे बोल्ट. त्यांच्या कडांवरचा रंग उडाला असेल तर पाना लागलाय, आणि पाना लागलाय म्हणजे गाडी कधीतरी ठोकलीय. मग मडगार्डवर टिचकी: कोरा पत्रा खणकन वाजतो, आत पुटी भरलेली असली की आवाज बद्द येतो. अलीकडे त्याच्या खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्रही असतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा चकाकीचा लेप मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. आकडा दुप्पट आला की दलालाचा चेहरा पडतो (तो पाडलेलाच असतो) आणि मागोमाग भाव. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते नव्याने मारताना जुन्याशी जुळले नाहीत तर एक दार एका गाडीचं आणि दुसरं दुसरीचं वाटतं. साधा पांढरा या बाबतीत गरीब स्वभावाचा. या परीक्षेच्या धाकाने मालक सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा काढत नाही. मे महिन्यात पाठीला घामाने चिकटणारं ते प्लास्टिक सहन करत तो अंबाडी रोडवर पार्किंग शोधतो, कारण खालचं कापड पुढच्या माणसाला कोरं मिळालं पाहिजे. लेकीच्या सासरचं सामानही इतक्या जपणुकीने बांधत नाहीत.

पांढऱ्याची बाजू घेणारे पहिल्यांदा ऊन पुढे करतात. उन्हात उभी केलेली पांढरी गाडी काळ्या गाडीपेक्षा कमी तापते, हे भौतिकशास्त्र आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण मग गेल्या काही वर्षांत काळ्या गाड्यांचा वाटा वाढत वाढत पाचव्या हिश्शाच्या आसपास कसा गेला? ऊन तर तेच आहे. झालं एवढंच की मोठ्या एसयूव्हीला काळा रंग ‘वजनदार’ दिसतो असं ठरलं. गाडीतून उतरणाऱ्याला पाहून लोकांनी बाजूला व्हावं अशी ज्यांची अपेक्षा असते, ते काळ्यात गेले. ज्यांना स्वतःच बाजूला व्हावं लागतं, ते पांढऱ्यात राहिले. तापमानाचा या निर्णयात फारसा हात दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो नीट ऐकायला हवा. मध्यमवर्गीय माणूस भित्रा नाही, पोळलेला आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या निघाल्या, आणि तिथपासून महाराष्ट्राला गाड्यांच्या कारखान्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढाच घोरही लागला. नव्वदच्या दशकात त्याच कंपनीने फ्रेंच प्यूजोला कल्याणच्या कारखान्यात आणलं. १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. फियाट उनोसाठी १९९६ साली दोन लाखांहून जास्त लोकांनी आगाऊ पैसे भरले, कामगारांचा संप झाला, गाड्या हाती पडल्या त्या थोड्यांच्याच. जनरल मोटर्सने २००८ साली तळेगावला मोठा कारखाना उघडला, २०१७ साली देशातली विक्री थांबवली आणि शेव्हरोले घेतलेली घरं सुट्या भागांच्या शोधात फिरू लागली. तो कारखाना चिनी कंपनीला जाणार होता, गेला नाही; शेवटी २०२३ साली ह्युंदाईने करार केला. फोर्डनेही २०२१ मध्ये इथला गाशा गुंडाळायला घेतला. ज्या देशात गाडीच्या आधी तिची कंपनीच रस्त्यावरून नाहीशी होते, तिथे माणूस विकण्याची सोय पाहूनच घेणार. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

कबूल. पण या आक्षेपातून निघतं काय, तर तो पांढरा रंग मालकाच्या आवडीचा नसून उद्योगावरच्या अविश्वासाचा आहे. पुढच्या पाच वर्षांत ही कंपनी असेल की नाही याची खात्री नसल्याने घेतलेला तो विमा आहे, आणि त्याचा हप्ता रोज डोळ्यांनी भरावा लागतो. दुसरं असं की सगळ्यांनी एकच सावधगिरी बाळगली की तिची किंमत राहत नाही. बाजारात दहातल्या चार गाड्या पांढऱ्या असतील, तर दलाल म्हणतो, ‘असल्या पन्नास पडल्यात, साहेब.’ साहेबांनी आठ वर्षं आवड मारली ती हे ऐकण्यासाठी.

आता खरी गंमत. मुंबई परिसरात गेल्या साठ-सत्तर वर्षांत गाडीच्या एकाच रंगसंगतीवर लोकांनी जीव टाकला, आणि ती कुणीही आवडीने निवडलेली नव्हती. टॅक्सीचं काळं अंग आणि पिवळा टप हा सरकारी नियम होता. ती टॅक्सी ज्या गाडीची, ती प्रीमियर पद्मिनीसुद्धा फार निवडीने घेतली जात नसे. परवान्यांच्या काळात मुख्यतः अ‍ॅम्बेसिडर आणि ती यांच्यातच काय ते ठरवायचं, पैसे भरून नंबर लागायची वाट बघायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे क्रोमची जाळी. त्या टॅक्सीत उन्हाळ्यात बसणं हे सुख नव्हतं, आणि ज्यांना ते सुख होतं असं आता आठवतं, त्यांनी कूल कॅब दिसली की हात तिलाच केला होता. तरीही ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नियमाने ठरलेली वीस वर्षं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर भरली, तेव्हा शहराने सुतक पाळलं. निदान एक तरी जतन करा, अशी मागणी टॅक्सी युनियनने केली. अ‍ॅपवरून गाडी मागवून, तिच्या मागच्या सीटवर बसून लोकांनी पद्मिनीवर हळवे लेख लिहिले. हे ढोंग आहे असं आम्ही म्हणणार नाही, कारण त्यात एक सत्य दडलंय: ती टॅक्सी कुणा पुढच्या गिऱ्हाइकासाठी जपून ठेवलेली नव्हती. ती चालवायची होती, म्हणून चालवली. आरशाला माळा, डॅशबोर्डवर देव, सीटला फुलाफुलांचं रेक्झिन, टपावर सामानाचा कॅरिअर. नियमाने रंग ठरवला, बाकी सगळं चालवणाऱ्याने आपलं केलं. आज रंग निवडायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे आणि आतल्या सीटवर प्लास्टिक आहे.

रंगाचं एकवेळ सोडा, गाडीचा आकारही तिच्या मालकाला विचारून होत नाही. चार मीटरच्या आतल्या लहान गाडीला कर कमी, हे धोरण २००६ पासून चालत आलंय. २०१२ साली मारुतीने डिझायरची डिकी छाटून तिची लांबी ३९९५ मिलिमीटरवर आणली. सरकारला पाच मिलिमीटर सोडले. माणसाने बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न अर्थखात्याच्या कक्षेत येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही ती रेघ तिथेच राहिली: आतल्या लहान गाडीला १८ टक्के, बाहेरच्या मोठ्या गाडीला ४०. मागून अचानक तोडलेल्या सेडानला बघून परदेशी पाहुणा विचारतो, हिला अपघात झाला होता का? झाला होता, अर्थसंकल्पाचा.

आणि आयुष्य. इथे कायद्याने जी करामत केली आहे ती पुराणकारांनाही जमली नसती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी एके काळी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी १०,०००. दुसरीकडे केंद्राच्या २०२१ च्या नियमाने गाडी पन्नास वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली, तर ती एकदम ‘विंटेज’: २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा मानाचा नंबर मिळतो. म्हणजे विसाव्या वर्षी भंगारात जाण्याजोगी ठरणारी वस्तू पन्नासाव्या वर्षी राष्ट्राचा ठेवा. मधली तीस वर्षं तिने काय करायचं, हे कुठल्याच राजपत्रात नाही. आजच्या दराने पंधराव्या ते पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत सात नूतनीकरणं होतात. नुसती फी ६५,००० रुपये, कर आणि दुरुस्ती वेगळी. शिवाय वसईची खारी हवा खालून पत्रा खाते आणि वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आतून रबरी नळ्यांची परीक्षा घेतं. नीती आयोगाच्याच आराखड्यात म्हटलंय की जुन्या धाटणीच्या मोटारींचं मायलेज या इंधनाने सहा-सात टक्क्यांनी घटतं. एवढ्या अग्निदिव्यातून जी गाडी पन्नाशी गाठेल तिला चालवायची मुभा तरी? नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, यांपलीकडे ती रस्त्यावर आणायची नाही.

जुन्या गाड्या धूर सोडतात, ब्रेक धड लागत नाहीत, त्या हटवायलाच हव्यात, असं यावर म्हटलं जाईल. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीबद्दल ते खरंच आहे. वीस वर्षांची मर्यादा तिथे समजू शकते. पण रविवारी पारनाक्यापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचा गुन्हा तिच्या जन्मतारखेवरून कसा ठरवायचा? धूर मोजायचं यंत्र आहे, ब्रेक तपासायचे रोलर आहेत. जन्मदाखला बघून दोषी ठरवणं सोपं पडतं, आणि नवी गाडी खपवणाऱ्याला तर ते सोपंच नव्हे, सोयीचंही पडतं. शिवाय ज्या गाडीला मालकाने पहिल्या दिवसापासून विकायच्या तयारीत ठेवलं, तिच्यासाठी ही तीस वर्षांची फी भरणार कोण? सरकार नको म्हणतं, कंपनी नको म्हणते, आणि मालकाचं तर तिच्याशी कधी जमलंच नव्हतं.

तेव्हा २०२५ साली विरारच्या आरटीओत नोंदलेल्या गाड्या २०७५ साली पन्नाशी गाठतील, त्या वर्षी पुरातत्त्व खात्याने परवानगी दिलीच तर वसईच्या किल्ल्यात रॅली भरेल. दहिसर ते अच्छाड काँक्रीटचा थर पुन्हा एकदा चढत असल्याने वर्सोवा पुलापाशी अडकून काही स्पर्धक दुसऱ्या दिवशी पोहोचतील. पांढऱ्या गाड्या त्यात फार नसतील, कारण त्या हातोहात विकल्या जाऊन केव्हाच भंगारात गेलेल्या असतील; रिसेल चांगला असण्याचा तोच तर अर्थ. एक लाल गाडी मात्र नक्की असेल. परीक्षक तिच्या मालकाला विचारतील, ‘हा रंग विकायला अवघड गेला असेल नाही?’ तो म्हणेल, ‘हो ना, गिऱ्हाईकच मिळेना. म्हणून तर अजून घरात आहे.’