नवशिक्यांसाठी बर्फातला मासा

सर्वांत आधी: हे आईला कळता कामा नये. आई मालवण-वेंगुर्ल्याकडची असेल तर मुळीच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या दिवसांत सुरमईचा भाव विचारायला गेलेला माणूस वांगी घेऊन परततो. घरात पाच खाणारी तोंडं आणि महिनाअखेर असली, की सुपरमार्केटातल्या फ्रीझरपाशी मान खाली घालून उभं राहावंच लागतं.

मासे पारखण्याचं तुमचं सगळं शिक्षण इथे फुकट. कल्ले उघडून लाली बघावी, तर पाकिटात कल्लेच नाहीत. शेवटी दोन बांगडे वर टाकून घ्यायची सवयही सोडा. फ्रीझर वर काही टाकत नाही. पाकीट हलवून बघा. आत बर्फाचा चुरा खुळखुळत असेल किंवा तुकड्यांचं एकच ढेकूळ झालं असेल, तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची दाट शक्यता. परत ठेवा.

मग वजन. मासा कोरडा पडू नये म्हणून त्यावर बर्फाचा पातळ मुलामा मुद्दाम चढवतात. हेतू चांगलाच आहे. पण किलोभर पाकिटात २०० ग्रॅम बर्फ निघाला, तर ४०० रुपयांचा मासा किलोला ५०० ला पडला. म्हणून बर्फ वगळून वजन किती, ते आधी वाचा. स्वस्त-महाग तिथेच ठरतं.

नवशिक्याने बासापासून सुरुवात करावी. हा मूळचा मेकाँगच्या पाण्यातला, आता आंध्रातल्या तळ्यांतही पाळतात. काटा नाही, वास नाही आणि खरं सांगायचं तर चवही नाही. मुलं चिकन समजून खातात. खाऊ द्या.

वितळवण्याची खरी रीत एकच: आदल्या रात्री खोलगट ताटलीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. घाई असेल तर पाकीट न फोडता थंड पाण्यात बुडवून ठेवा. गरम पाण्याचा नळ हे माझं संशोधन. त्यात सुरमईची तुकडी बाहेरून उकडली, आतून दगडच राहिली. तशीच रव्यात घोळवून तव्यावर टाकली. क्षणात रवा सुटून तेलात पोहायला लागला, तुकडी उघडी पडली, तिच्या पोटातून पाणी झिरपलं आणि तेलाचे शिंतोडे थेट कालनिर्णयपर्यंत गेले. एकादशीवर अजून डाग आहे.

तेव्हा पाणी टिपा. पुन्हा टिपा. जुन्या धोतराच्या फडक्याइतकं चांगलं साधन नाही. मीठ, हळद, आगळ लावून पंधरा मिनिटांनी जे पाणी सुटेल तेही ओतून टाका. मग आलं-लसूण, मसाला, वरून रवा आणि तांदळाचं पीठ. तवा नीट तापू द्या. तुकडी टाकली की हात मागे बांधून उभं राहा. कडा तांबूस होऊन ती आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. नवशिक्याचा मासा मोडतो तो इथे.

कालवणाला बर्फातला बांगडा चालतो, तिरफळं सढळ हाताने घाला. बासा मात्र कालवण उकळल्यावर अगदी शेवटी, पाच मिनिटं. त्यात डाव घालू नका, पातेलं धरून हलवा. वितळलेला मासा उरला तर शिजवूनच ठेवा, परत गोठवू नका.

वाढताना कोकमाची सोलकढी असावी. तिच्या पहिल्या घोटाला बरंच काही माफ होतं.

आई घास तोंडात घोळवून विचारेल, "बंदीत ताजा कुठे मिळाला रे?" अशा वेळी खोटं बोलू नये. शांतपणे म्हणावं, "बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नसते गं आई." हे शंभर टक्के खरं आहे. रिकामं पाकीट तेवढं शेजारच्यांच्या कचऱ्यात टाकायचं.