बिनधोक्याचे बापू

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली, तेव्हा बापूंचे पूर्वज सामान न बांधता इथेच राहिले. घराण्याने हुकवलेली ही पहिली संधी, असं बापूंचं मत. त्यानंतरची एकही हुकू द्यायची नाही, हे त्यांचं व्रत.

गोपाळ मंदिरामागच्या बोळात त्यांचा वाडा. वाड्याच्या दर्शनी भिंतीवर आजोबांच्या फोटोशेजारी सागवानाचं एक प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती यायच्या : आज हजार-दोन हजार भरा, वीस वर्षांनी झाड तुम्हाला लखपती करेल. बापूंनी पाच झाडं घेतली. झाडं कुठे आहेत ते त्यांना माहीत नाही, कंपनीला माहीत असावं, पण कंपनी कुठे आहे तेही कुणाला माहीत नाही. तरी दर पावसाळ्यात बापू म्हणतात, "यंदा पाऊस बरा आहे, सागाला चांगला."

कुणाला वाटेल, माणूस लोभी आहे. अजिबात नाही. एकच चप्पल चार वर्षं वापरणारा माणूस आहे हा. त्यांना हौस आहे ती पैशाची नव्हे, तर आपल्याला आधी कळल्याची. "अजून कुणाला बोलू नको हं," असं ते प्रत्येक योजनेबद्दल निदान वीस जणांना सांगतात. फसवणारे लोकही हेच ओळखून असतात. बोस्टनच्या पाँझीने 1920 साली पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफ्याचं आमिष दाखवलं, तेव्हा लोकांना व्याज जेवढं गोड लागलं तेवढंच गुपितही लागलं असणार.

साखळी योजनेच्या दिवसांत बापूंनी मला टॉवर चौकात पोहे खायला नेलं. शेव, जिरावन, वर जिलबी. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि पोह्यांच्या कागदावर, तेल न लागलेली जागा शोधून, मधोमध एक गोल काढला. गोलात लिहिलं : मी. त्याखाली सहा गोल. प्रत्येकाखाली पुन्हा सहा.

"तू फक्त सहा माणसं आण. पुढे ती त्यांची त्यांची सहा आणतील. भिया, इसमें नुकसान है ही नहीं!"

मराठी माणूस भावनेच्या भरात हिंदीवर आला की उज्जैनमध्ये पाकीट सांभाळावं. मी त्याच कागदावर सहाचा पाढा पुढे नेला. आठव्या पायरीला 16,79,616 माणसं लागतात आणि 2011 च्या जनगणनेत अख्ख्या उज्जैन शहराची वस्ती सव्वापाच लाखांच्या आत होती. तेराव्या पायरीला तेराशे कोटी होतात, म्हणजे पृथ्वी पुरत नाही. बापू गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, तू पहिल्या सहात ये." असल्या साखळ्यांवर 1978 पासून कायद्याने बंदी आहे, हे मी सांगितलं. त्यांनी जिलबी पुढे सरकवली.

त्यांच्या कारकिर्दीतला कळस मात्र कडकनाथ. काळी कोंबडी, काळं मांस, मूळ आमच्या झाबुआची. 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. झाबुआ उज्जैनहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. पण बापूंना कडकनाथ भेटला तो सांगली जिल्ह्यातल्या साडूंच्या मार्फत. पिल्लं कंपनी देणार, खाद्य कंपनी देणार, अंडी चढ्या भावाने कंपनीच घेणार. ज्यांच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं फुटलेलं नाही त्या बापूंनी साडूंच्या परसात भागीदारी घेतली. नव्या शेतकऱ्याच्या पैशातून जुन्याला देणं चालू होतं तोवर सगळं झकास. 2019 मध्ये नवे शेतकरी आटले आणि सांगली-कोल्हापूरकडचे कितीतरी संसार उघड्यावर आले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बापूंचं नुकसान त्या मानाने किरकोळ. पण त्यानंतर साडूंशी बोलणं बंद झालं, ते आजतागायत.

मग निवृत्ती आली, फंड आला आणि फ्रीगंजच्या एका हॉटेलात 'छंदाचाच धंदा करा' असं शिबिर आलं. फी भरून बापू दिवसभर टाळ्या वाजवून आले.

"त्या शिकवणाऱ्याचा धंदा कसला हो?" काकूंनी विचारलं.

"शिकवण्याचाच."

"मग बरोबर आहे," म्हणून काकू आत गेल्या.

बापूंचा छंद पुरणपोळी. हात खरोखर सुरेख : पुरण कडेपर्यंत, पोळी फुगली तरी फाटणार नाही. 11 ऑक्टोबर 2022 ला महाकाल मंदिरालगतच्या 'महाकाल लोक' परिसराचं उद्घाटन झालं आणि गर्दी अशी वाढली की बापूंची वही पुन्हा उघडली. गर्दीच्या दिवशी एक लाख भाविक. त्यातल्या शंभरांपैकी एकाने पोळी खाल्ली तरी हजार. साठ रुपयांनी रोजचे साठ हजार. एका पोळीला चार मिनिटं धरली तर एका तव्यावर हजार पोळ्यांना सहासष्ट तास लागतात, हा हिशेब वहीत नव्हता.

दुकान निघालं. बापू पोळी बांधून देत नसत, चामट होते म्हणून. महाराष्ट्रातून आलेला यात्रेकरू ओंकारेश्वरची गाडी चुकेल म्हणून घड्याळाकडे बघायचा आणि बापू त्याला तूप वरून घ्यावं की बुडवून, यावर व्याख्यान द्यायचे. रोज पहाटे चारला डाळ शिजवताना छंद कधी निघून गेला ते त्यांना कळलं नाही. सातव्या महिन्यात दुकानाला कुलूप लागलं. शेजारी भाविकांच्या कपाळावर दहा रुपयांत चंदनाने 'महाकाल' उमटवणारा पोरगा अजून तिथेच आहे. बापू किर्लोस्करांचा दाखला देतात : बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि केवढे झाले! लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकऱ्यांनी त्यांचा नांगर दोन वर्षं घेतला नाही, हा भाग बापू गाळतात.

या सगळ्या काळात वाडा चालला कशावर? काकूंनी माडीवरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना दिल्या आहेत त्यावर. पहाटे चारच्या भस्म आरतीसाठी लोकांना रात्री एकला उठवायचं, गरम पाण्याच्या बादल्या द्यायच्या, रोज चादरी धुवायच्या. एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हाला याची आवड आहे?" त्या म्हणाल्या, "चादरी धुवायची कुणाला आवड असते रे?" आणि चिमटे मागितले.

आता 2028 चा सिंहस्थ आहे. बापूंनी नवी वही आणली आहे. उज्जैनला आलात तर त्यांच्याबरोबर पोहे जरूर खा, पैसे ते देऊ देणार नाहीत. कागदावर गोल काढला तर बघून घ्या, सही करू नका. आणि खोली हवी असेल तर काकूंना आधी कळवा. निम्मी रक्कम आगाऊ, आणि ती परत मिळत नाही.