सायकल गेलेले काकाजी

मेलेल्या माणसाबद्दल आमच्या जऊळक्यात तेरा दिवस बोलतात. काकाजींच्या सायकलीबद्दल पाच महिने बोलणं चाललं होतं, आणि त्यातले शेवटचे चार महिने एकटे काकाजीच बोलत होते.

गेली ती सोयाबीन निघायच्या दिवसांत. चहाच्या टपरीसमोरच्या निंबाला सायकल टेकवून काकाजी आत बसले. अर्धा कप चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्याले, बाहेर आले तर नुसता निंब. तिथून पुढं जाताना मी मूर्खासारखं विचारलं, "काकाजी, कुठं गेली?"

"थे माहीत असतं तं 'गेली' कायले म्हनलं असतं?"

काकाजी हे गावाचं नातं आहे, रक्ताचं कोणाचंच नसावं. पांढरा पायजमा, वर बंडी आणि पायजम्याच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा, चेनमध्ये कापड अडकू नये म्हणून. सायकल गेली तरी चिमटा गेला नाही. पाच महिने काकाजी गावभर पायी फिरले ते उजवा पायजमा चिमट्यात आवळूनच. विधवेनं कुंकू पुसलं नाही तर लोक जसे नजर चुकवतात तसे आम्ही त्या चिमट्याकडे बघायचं टाळत होतो.

पहिले आठ दिवस त्यांना दुःख झालं. नवव्या दिवशी त्याचा अभिमान झाला.

"टपरीपुढं सहा फटफट्या उभ्या होत्या," ते सांगत. "एकीले तं चाबीही लागून होती. शाळेच्या पोरींच्या नव्या सायकली होत्या. चोरानं सगळ्या सोडल्या अन् घेतली कोनती? आपली!" हे सांगताना ते ऐकणाऱ्याच्या सायकलीकडे असं पाहायचे, की आपली अजून कोणी चोरली नाही याची त्याला लाज वाटावी.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, सायकलीचा नंबर काय? सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो हे काकाजींना त्या दिवशी कळलं. पण खुणा त्यांना तोंडपाठ. अॅटलस, रंग काया. फोर्कले दोन जागी वेल्डिंग. चेनकव्हर तारेनं बांधलेलं. डाव्या पायडलचे रबर नाहीत, त्याजागी टायरचा तुकडा. मागचं मडगार्ड दुसऱ्या सायकलीचं. सीटवर पोराच्या जुन्या स्वेटरचं कव्हर, रंग मातकट. हवालदारानं सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून विचारलं, "काकाजी, याच्यातली अॅटलस कोनती?"

किंमत त्या दिवशी सांगितली आठशे. ती पुढं कशी वाढली त्याला कारण आहे कायदा. वाशीमला वकिली शिकणारा गावातला एक पोरगा दिवाळीत घरी आला आणि त्यानं टपरीवर नव्या कायद्याचं प्रवचन लावलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 303 व्या कलमात चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहेच, पण माल पाच हजारांहून कमी किमतीचा असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा मालाची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची.

"समाजसेवा म्हंजे?"

"म्हंजे गावात झाडू मारन, झाडं लावन..."

"झाडू मारन?" काकाजींनी बशी खाली ठेवली. "थो झाडू चोरीन ना बाप्पा!"

चोर झाडूवर सुटणार हे त्यांना सोसेना. त्या संध्याकाळी सायकल दोन हजारांची झाली. मग कोणीतरी सांगितलं की अॅटलसचा उत्तर प्रदेशातल्या साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. काकाजींचे डोळे भरून आले, कारखान्यासाठी नाही. "म्हंजे अशी सायकल आता कंपनीलेही बनवता येत नाही," असं म्हणून त्यांनी साडेतीन हजार केले. तुरीला फुलं आली तेव्हा सायकल पाच हजार एकशे एकला पोचली आणि तिथंच थांबली. वरचा एक रुपया कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, शुभ असते.

पुण्याहून आलेल्या भाच्यानं त्यांना एका इटालियन सिनेमाची गोष्ट सांगितली. 'बायसिकल थीव्हज', 1948 चा. गरीब माणसाला पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, त्यासाठी सायकल हवी, बायको घरच्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि लहानगा पोरगा अख्खं रोम शहर पालथं घालतात. काकाजी मान हलवत ऐकत होते.

"रपट देल्ली होती का त्यानं?"

"दिली होती."

"भेटली?"

"नाही. शेवटी तोच दुसऱ्याची सायकल उचलायला जातो आणि पकडला जातो."

काकाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उचलता येत नव्हती तं हात कायले लावला?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं त्याला इतिहास आहे, आणि तो मला सांगायलाच हवा, कारण त्यात मीही आहे.

आमच्या गावाच्या नावापुढं 'रेल्वे' लागतं. अकोला-पूर्णा लाईन 2008 साली मोठी झाली. त्याआधीच्या छोट्या गाडीनं पुष्कळ लोक रोज कामाला जायचे आणि सायकली स्टेशनाबाहेर लावून जायचे. चाकात हवा धरून ठेवते ती व्हॉल्वची रबरी नळी, आम्ही तिला वालटूब म्हणतो. इंचभर लांब, उंदराच्या शेपटीएवढी जाड. एके दिवशी काकाजी संध्याकाळच्या गाडीनं उतरले तर मागच्या चाकाची वालटूब गायब. ज्यानं नेली त्याला मिळालं इंचभर रबर, आणि काकाजींच्या वाट्याला आली अंधारात दीड कोस सायकल ढकलत नेण्याची पाळी. अख्खी सायकल नेणाऱ्याचं मला एक वेळ समजतं, त्याला कुठंतरी जायचं असतं. पण हे इंचभर रबर नेणारा माणूस! त्याच्या नफ्याला आणि तुमच्या तोट्याला एकाच तराजूत घालायची सोयच नाही. मनाचा कंजूसपणा यापेक्षा लहान करून दाखवता येत नाही.

काकाजींनी तेव्हा सायकल ढकलली नाही. शेजारच्या सायकलीची वालटूब काढली, आपल्या चाकाला लावली आणि पंप मारून निघाले. शेजारची सायकल माझी होती. मी त्यापुढच्या सायकलीची काढली. त्यापुढच्यानं काय केलं असेल ते सांगायला नको. पुढं कित्येक दिवस रोज संध्याकाळी स्टेशनाबाहेर एकच माणूस शिव्या देत उभा असायचा, फक्त माणूस बदलायचा. हिशेब केला तर अख्ख्या गावात एकच वालटूब कमी होती. ती अकोल्याहून विकत आणली असती तर प्रकरण मिटलं असतं. अकोल्याला आम्ही रोजच जात होतो. आणायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही, कारण आणली असती तर ती चोरीला गेली असती.

याला काकाजी चोरी म्हणत नाहीत. "थे बदली होय," म्हणतात. दुसऱ्याच्या वावरातून जाताना हरभऱ्याचं डहाळं उपटलं तर तो रस्त्याचा हक्क. बँकेतलं पेन दोरी तुटलेली असेल तरच न्यायचं. तुटलेली नसेल तर काय, हे मी विचारलं नाही. त्यांच्या खिशाला लावलेल्या पेनाला चार बोटं दोरी लोंबत होती.

शिमग्याच्या दोन दिवस आधी सायकल परत आली. सकाळी टपरीवाल्यानं पाहिली तर त्याच निंबाला, त्याच बाजूनं टेकवलेली. अर्धं गाव जमलं. काकाजी आले, आणि त्यांचा चेहरा पडला. दोन्ही चाकांत हवा टण्ण. चेनला तेल. डाव्या पायडलला नवे रबर. सीटवरचं स्वेटर धुतलेलं होतं. ते निळं आहे हे पोरालाही आठवत नव्हतं.

"हे माही नाही," काकाजी म्हणाले.

लोकांनी वेल्डिंग दाखवलं. मडगार्ड दाखवलं. पाच हजार एकशे एकची सायकल सर्वांसमोर पुन्हा आठशेची होत होती, आणि चोरानं तिची त्यांच्यापेक्षा जास्त निगा राखली होती. दोन्ही गोष्टी एका सकाळी गिळणं अवघड. शेवटी कोणीतरी म्हणालं, "काकाजी, घंटीही लावून देल्ली त्यानं," तेव्हा त्यांनी जवळ जाऊन ती वाजवली.

टक-टिर्रर्र.

मी तो आवाज ओळखला. संक्रांतीच्या सुमारास माझ्या सायकलीची घंटी गेली होती. पोरीनं एकदा सायकल भिंतीवर घातली तेव्हा घंटीच्या वाटीला पोचा पडला होता आणि तेव्हापासून ती आधी टक करायची. पोचा तिथंच होता, डाव्या अंगाला.

"काकाजी, घंटी माही आहे."

"असंन ना बाप्पा. सायकलीसंगं आली."

"मंग द्या ना."

"पावती हाय?"

आता काकाजी रोज टपरीवर येतात. पायजम्याचा चिमटा पुन्हा कामाला लागला आहे. मागच्या चाकाला कुलूप घालतात, पुढच्या चाकातून साखळी काढून निंबाला बांधतात, दोन्ही ओढून पाहतात. मग घंटीची वाटी हातानं फिरवून काढतात आणि बंडीच्या खिशात टाकतात. "आजकाल लोकायचा काई भरोसा नाही," असं माझ्याकडं पाहून म्हणतात आणि शेजारी बसतात. बशीवर फुंकर मारायला वाकले की खिशातल्या किल्लीवर माझी घंटी हळूच टक करते.